डोंगराच्या पोटातला मावळा

डोंगर आडवा आला की वळसा घालायचा, ही आम्हा खापरकरांची रीत. मुंबईत मात्र मलबार हिलच्या पोटातूनच रस्ता काढला. जानेवारी २०२१मध्ये प्रियदर्शिनी पार्कजवळून १२.१९ मीटर व्यासाचे 'मावळा' यंत्र निघाले. पुढची चक्री खडक पोखरी, मागे काँक्रीटचे कडे बसे. वर्षभराने ते गिरगावला बाहेर पडले. तिथूनच वळून मे २०२३मध्ये त्याने दुसरा बोगदाही पुरा केला. २०२४पासून सुमारे दोन किलोमीटरच्या या जुळ्या बोगद्यांतून मोटारी धावतात. दुचाकीला मात्र मज्जाव! म्हणजे भाच्याच्या मोटरसायकलवर बसलो, की मला मुंबईतही वळसाच. यंत्राला नाव मावळ्याचे दिले. पण मावळे तर साधीच माणसे होती ना?