अनीवा बेटावरील एक संसार

मिशनरी चळवळीचा इतिहास वाचताना प्रवचने, भाषांतरे, प्रवास आणि मंदिरांची बांधकामे यांचे वर्णन विस्ताराने आढळते. स्वयंपाकघर, शिवणाची टोपली आणि आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र यांचा उल्लेख मात्र ओझरताच असतो. कॅथॉलिक धर्मगुरू अविवाहित असतो. त्याच्या घराला संसाराचे रूप नसते. प्रॉटेस्टंट पंथांतील पाळक मात्र गृहस्थाश्रमी असतो. त्याची पत्नी कोणत्याही मंडळाने नेमलेली नसे, तिला वेगळे वेतनही नसे; परंतु पाळकाची नेमणूक झाली की तिचीही आपोआप झाली, असेच सर्वजण धरून चालत. या बिननेमणुकीच्या कामाचे मोल केवढे असू शकते, हे पाहण्यासाठी दक्षिण प्रशांत महासागरातील एका चिमुकल्या बेटाचे उदाहरण फार बोलके आहे.

त्या बेटाचे नाव अनीवा. पूर्वी न्यू हेब्रिडीस म्हणून ओळखला जाणारा आणि 30 जुलै 1980 रोजी वानुआतू या नावाने स्वतंत्र झालेला जो द्वीपसमूह आहे, त्याच्या दक्षिण भागात हे बेट येते. त्याचे क्षेत्रफळ अवघे आठ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्यावर पन्नास मीटर उंचीचीही टेकडी नाही. शेजारच्या टान्ना बेटावर यासुर नावाचा जागता ज्वालामुखी आहे. अनीवा मात्र प्रवाळाचे सखल बेट. ढग अडविणारा डोंगर नाही, म्हणून ओढा नाही, झरा नाही. लोक नारळाच्या पाण्यावर तहान भागवीत. गलबताने आश्रय घ्यावा असे बंदरही तेथे नव्हते. खडकांच्या रांगेतील एका फटीतून होडी आत घ्यावी लागे. येथील लोकांची भाषा शेजारच्या टान्नाच्या भाषांहून वेगळ्या, पॉलिनेशियन कुळातील आहे.

नोव्हेंबर 1866 मध्ये या बेटावर जॉन गिब्सन पेटन आणि त्यांची पत्नी मार्गारेट हे स्कॉटिश दांपत्य उतरले. पेटन यांचे हे पहिले आगमन नव्हते. 1858 मध्ये ते पहिली पत्नी मेरी अॅन हिच्यासह टान्नावर गेले होते. पुढील वर्षी, 3 मार्च 1859 रोजी, बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती एकोणीस वर्षांची तरुणी मरण पावली, आणि त्याच महिन्यात तिचे बाळही गेले. पेटन यांनी स्वतःच्या हातांनी कबर खणली. 1862 मध्ये त्यांना जीव वाचवून टान्ना सोडावे लागले. 1864 मध्ये मार्गारेट व्हाइटक्रॉस हिने त्यांच्याशी विवाह केला, तेव्हा हा सारा इतिहास तिला ठाऊक होता. धर्मशिक्षणासाठी आख्यायिकांचे संग्रह लिहिणाऱ्या एका प्रसिद्ध लेखकाची ती मुलगी. वय तेविसाच्या आसपास. शेजारच्याच बेटावर सवतीची कबर आहे, हे जाणून ती निघाली.

अनीवावर आरंभी त्यांनी आश्रय घेतला तो अनेयट्यूम बेटावरून आलेल्या ख्रिस्ती शिक्षकांच्या झोपडीत. गोऱ्या मिशनऱ्याच्या आधी हे बेटकरी शिक्षक तेथे पोहोचले होते आणि त्यांच्यापैकी एकाचा खूनही झाला होता, ही गोष्ट विसरता कामा नये. पुढे घरासाठी जागा मिळाली. ती साफ करताना मानवी हाडे टोपल्या भरभरून निघाली. पूर्वीच्या नरमांसाच्या मेजवान्यांचे ते अवशेष होते. प्रवाळ भाजून चुना केला, उसाच्या पाल्याने छप्पर शाकारले, जमिनीवर प्रवाळाचा बारीक पांढरा चुरा पसरला. अशा जागी मार्गारेटने आपली चूल मांडली.

या घरबांधणीच्या दिवसांतील एक प्रसंग पुढे जगभर प्रसिद्ध झाला. काम करीत असता पेटन यांना काही खिळे आणि हत्यारे हवी होती. त्यांनी रंधा मारलेल्या लाकडाची एक ढलपी उचलली, तिच्यावर चार शब्द लिहिले आणि ती नामाकेई या वृद्ध टोळीप्रमुखाच्या हाती देऊन आपल्या पत्नीकडे नेण्यास सांगितले. तिला सांगायचे काय, असे त्याने विचारले. लाकूडच तिला सांगेल, असे उत्तर मिळाले. आपली थट्टा चालली आहे असे म्हाताऱ्याला वाटले. परंतु मार्गारेटने ढलपीवर नजर टाकली, ती फेकून दिली आणि नेमक्या त्याच वस्तू आणून दिल्या. नामाकेई थक्क झाला. फेकलेली ढलपी उचलून तो परत आला आणि तिचा अर्थ विचारू लागला. या प्रसंगानंतर आपल्या भाषेतही असे बोलणारे शब्द उमटावेत, अशी ओढ त्याला लागली. पुढे अनीवाच्या भाषेत पहिले छोटे पुस्तक छापून निघाले तेव्हा वयोमानाने त्याला अक्षरे दिसेनात. चष्मा मिळताच मात्र तो नेटाने वाचावयास शिकला.

ही कथा सांगणारे बहुतेकजण लिहिणाऱ्याचे कौतुक करतात. परंतु थोडा विचार केला तर ढलपी बोलली ती केवळ लिहिणाऱ्यामुळे नव्हे. घरात वाचणारे कोणीतरी होते, म्हणून ती बोलली. आणि ते वाचणारे माणूस एक स्त्री होती. लिहिणे आणि वाचणे ही देवाणघेवाण आहे, ती पुरुषापुरती नाही, हे अनीवाच्या प्रमुखाने प्रथम पाहिले ते या घराच्या दारात.

त्या घराचे दार पुढे शाळेचे दार झाले. मार्गारेटच्या वर्गात सुमारे पन्नास स्त्रिया आणि मुली येत. त्या वाचावयास, गावयास, शिवावयास आणि टोप्या विणावयास शिकल्या. बहुतेक मुली आपले झगे आणि पुरुषांचे सदरे स्वतः बेतून शिवू लागल्या. पोरक्या मुलामुलींसाठी दोन वेगळी घरे उभारण्यात आली. त्यांचे खाणेपिणे, शिस्त आणि शिक्षण यांचा भार मुख्यतः तिच्यावरच होता. नामाकेईने आपली एकुलती मुलगी लित्सी हिलाही शिकविण्यासाठी तिच्या स्वाधीन केले. हीच लित्सी पुढे टान्नाच्या लोकांत शिकविण्यासाठी गेली. मेरी अॅनच्या कबरीच्या बेटावर दुसऱ्या पत्नीच्या हाताखाली घडलेली बेटकरी स्त्री शिक्षिका म्हणून गेली, ही घटना कोणत्याही अहवालातील आकड्यांपेक्षा अधिक सांगून जाते.

कपड्यांवरून एक मौजेची हकीकत पेटन यांनी नोंदविली आहे. याकिन नावाची एक नवविवाहिता प्रथमच प्रार्थनेस आली, ती मिळतील तेवढे सारे कपडे अंगावर चढवून. पुरुषी लांब कोट, त्यावर बंडी, खांद्यांवरून लोंबणाऱ्या विजारीच्या तंगड्या आणि डोक्याला फेट्यासारखा गुंडाळलेला तांबडा सदरा, असा तो थाट होता. वाचणाऱ्याला हसू येते खरे. पण कपडे घालणे हे नव्या जीवनाचे चिन्ह आहे असे जिला सांगितले गेले, तिने ते चिन्ह आपल्या परीने पूर्ण मनाने स्वीकारले होते. त्या हास्याला शिवणाच्या वर्गाने शांतपणे उत्तर दिले.

बेटावरील दिवसाची रचना हळूहळू बदलली. सूर्योदयाच्या सुमारास शाळा, मग शेतीची कामे, घरोघरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, जेवणापूर्वी देवाचे आभार. मिशन-घराशी औषधासाठी माणसे येत. रविवारी चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशीच सारे अन्न शिजवून ठेवावे लागे. त्यामुळे शनिवारला तेथे ‘स्वयंपाकाचा दिवस’ असेच नाव पडले. पाळकाच्या प्रवचनाने रविवार ठरला असेल, पण शनिवार ठरविला तो चुलीशी बसणाऱ्यांनी. हार्मोनियमच्या साथीने स्तोत्रे शिकविण्याचे काम मार्गारेट करी. 24 ऑक्टोबर 1869 रोजी अनीवावर पहिले प्रभुभोजन झाले. वीस जणांनी इच्छा दर्शविली होती. त्यांतील बाराजणांनाच त्या दिवशी स्वीकारण्यात आले.

पाण्याचा प्रश्न तर प्रत्येक गृहिणीच्या जिव्हाळ्याचा. पेटन यांनी विहीर खणावयास घेतली, तेव्हा पाऊस जमिनीखालून वर येईल ही कल्पनाच लोकांना वेडगळ वाटली. मासे धरण्याचे गळ मजुरीदाखल देऊन त्यांनी माणसे कामास लावली. बारा फुटांवर एक बाजू ढासळली. तरी काम पुढे नेले आणि सुमारे तीस फुटांवर गोडे पाणी लागले. नंतर गावकऱ्यांनी इतरत्र सहा-सात विहिरी खणून पाहिल्या. कोठे अभेद्य प्रवाळ लागले, कोठे खारे पाणी. त्या एका विहिरीने लोकांच्या मनावर जो परिणाम केला, तो अनेक प्रवचनांनी झाला नव्हता.

बाहेरच्या जगाशी संबंध होता तो ‘डेस्प्रिंग’ या मिशनच्या गलबतामुळे. मुलांनी जमविलेल्या वर्गणीतून ते उभे राहिले होते. वर्षातून मोजक्या वेळा ते येई. पीठ, कापड, औषधे आणि पत्रे आणी. जानेवारी 1873 मध्ये ते वादळात अनेयट्यूमजवळ फुटले, आणि हा एकमेव धागाही काही काळ तुटला. गलबत येण्याच्या बेताने मार्गारेट आपल्या आप्तांना दीर्घ पत्रे लिही. ती छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. तिच्या दिरांनी, जेम्स पेटन यांनी, त्यांचे संपादन करून 1894 मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जॉन पेटन यांचे आत्मचरित्र त्यापूर्वीच, 1889 पासून, हजारो घरांत पोहोचले होते. आत्मचरित्रात संकटे आणि विजय आहेत. पत्रांत त्या संकटांमधले लांबलचक दिवस आहेत. दोन्ही वाचल्यावाचून अनीवाचा इतिहास पुरा होत नाही.

या संसाराची किंमतही मोठी होती. हिवतापाने घरातील माणसे वारंवार अंथरुणास खिळत. लेना नावाची त्यांची तान्ही मुलगी अनीवाच्याच मातीत पुरावी लागली. मुले शिकण्याच्या वयाची झाली की त्यांना ऑस्ट्रेलियात पाठवून द्यावे लागे, आणि आईला पुढच्या गलबताची वाट पाहत राहावे लागे. 1870 मध्ये अनीवावर जन्मलेला मुलगा फ्रँक 1896 मध्ये मिशनरी होऊन टान्नावर गेला.

इतिहासकाराने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. परकी जहाजे या बेटांवर केवळ पुस्तके आणि कापड घेऊन आली नाहीत. 1861 च्या गोवराच्या साथीत अनेयट्यूमची सुमारे एक तृतीयांश वस्ती बळी पडली. 1863 पासून क्वीन्सलँडच्या मळ्यांसाठी मजूर नेण्याचा धंदा सुरू झाला. त्यात फसवणूक आणि पळवापळवी किती तरी झाली. 1865 मध्ये ‘कुरासोआ’ या ब्रिटिश युद्धनौकेने टान्नावर तोफा डागल्या, तेव्हा पेटन त्या नौकेवर होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर सहकारी मिशनऱ्यांकडूनही टीका झाली. मजुरांच्या व्यापाराविरुद्ध मात्र त्यांनी सतत आवाज उठविला. शिवाय लित्सी काय, याकिन काय, यांच्याविषयी आपणास जे कळते ते पेटन दांपत्याच्या लेखणीतून. त्या स्त्रियांना शिवणाच्या वर्गात बसून काय वाटले, हे त्यांच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आलेले नाही. मार्गारेटचे काम झाकले गेले म्हणून खेद करताना, तिच्या पत्रांतही आणखी काही स्त्रियांचे बोलणे झाकलेले आहे, याचे भान ठेवावे.

असे उदाहरण मराठी वाचकांना सर्वस्वी परके नाही. अनीवाच्या आधी सदतीस वर्षे, 1829 मध्ये, दुसरी एक स्कॉटिश मार्गारेट मुंबईस उतरली होती. डॉ. जॉन विल्सन यांची ही पत्नी मराठी शिकली आणि तिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. 1835 मध्ये ती मरण पावली. विल्सन यांचे नाव मुंबईच्या एका मोठ्या महाविद्यालयामुळे आजही सर्वांच्या ओठी आहे. मार्गारेट विल्सनचे नाव शिक्षणाच्या इतिहासाचे अभ्यासकच काय ते घेतात. बेट लहान असो वा शहर मोठे, विस्मरणाचा क्रम सारखाच दिसतो.

1881 च्या सुमारास पेटन कुटुंबाचे वास्तव्य मेलबर्नकडे हलले. बेटकऱ्यांनी आरारूट पिकवून आणि ते परदेशी पाठवून पुस्तकांच्या छपाईचा खर्च उचलला होता. 1899 मध्ये अनीवाच्या भाषेतील नवा करार छापून निघाला. मार्गारेट मेलबर्नमध्येही स्वस्थ बसली नाही. व्हिक्टोरियातील प्रेस्बिटेरियन स्त्रियांच्या मिशनरी संघाच्या कार्यात तिने पुढाकार घेतला. 16 मे 1905 रोजी ती निवर्तली. जॉन पेटन तिच्यामागे दोन वर्षेही जगले नाहीत. 28 जानेवारी 1907 रोजी त्यांचे निधन झाले.

एखाद्या समाजाचे जीवन बदलते ते भाषणाने, कायद्याने की पुस्तकाने, हा वाद जुना आहे. अनीवाचा इतिहास त्यात एक साधी भर घालतो. पुस्तक वाचणारे हात आधी कोठेतरी सुई धरावयास, अक्षर गिरवावयास आणि पोरक्या मुलाला भरवावयास शिकलेले असतात. तशी शिकवण देणाऱ्यांची नेमणूक कोणी केलेली नसते, म्हणून त्यांची नोंदही कोठे होत नाही. मार्गारेटने घरी पत्रे लिहिली, म्हणून निदान एका बेटापुरती ती नोंद आपल्या हाती आली आहे.