बाटली क्रमांक ५३-एन

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण हसत हसत म्हणतो. पण कावळ्यावरच खटला भरला तर? आजची गोष्ट तशीच आहे. वाल्डेमार हाफकिन यांची. हो, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवाले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिननी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे ही लस देशभर जाऊ लागली.

आता या ३० ऑक्टोबर १९०२ वर. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी तिथं १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण नंतर धनुर्वातानं दगावले. लस मुंबईत भरलेली. आणि झालं होतं काय, तर हाफकिननी लस करण्याची पद्धत नुकतीच बदलली होती. पूर्वी तिच्यात कार्बोलिक ॲसिड घालायचे, ते आता वगळलं होतं. मग काय! आधी पद्धत बदलली, नंतर माणसं मेली, म्हणजे बदलल्यामुळेच मेली. चौकशी आयोगानं ठरवलं की जंतू बाटलीत ती उघडण्याआधीच शिरले होते. हाफकिन कामावरून दूर झाले.

पण जरा बघा. त्या दिवशी बाटल्या पाच उघडल्या होत्या. मेलेले सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. बाकी चार बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही. ‘अहो, मुंबईत एकच बाटली बिघडली असेल,’ असं कुणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही. पण ती बाटली भरून ४१ दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते तर घाण वास सुटला असता. टोचण्याआधी डॉक्टरनी वास घेतला होता, तो काही आला नव्हता! बरं, कार्बोलिकचं म्हणाल तर लशीत घालायचे तेवढ्यानं धनुर्वाताचे बीजाणू मरतही नाहीत. म्हणजे जुनी पद्धत असती तरी ती माणसं वाचली नसती. उलट साक्षीत एक साधी गोष्ट आली होती: बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो न उकळता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठं? मातीत!

आयोगातले लोक काही अडाणी नव्हते हो. पण नवा साहेब आला आणि पाऊस पडला, की श्रेय साहेबाचं, नाही का? मोठा बदल डोळ्यांसमोर असला की चिमट्याकडे कोण बघतो.

१९०७ साली रोनाल्ड रॉस (मलेरियावाले) आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून हा मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठे हाफकिन सुटले. भारतात परत आले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेत नाही, कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचं नाव लागलं १९२५ मध्ये. तोवर त्यांना भारत सोडून दहाएक वर्षं झाली होती.