दरबारी संगीतातील भटके सूर

युरोपातील अभिजात संगीताचा इतिहास बहुधा राजवाड्यांतून आणि चर्चमधून सांगितला जातो. वाटेवरच्या वादकाला त्यात क्वचितच आसन मिळते. तथापि बरोक काळाच्या, म्हणजे स्थूलमानाने इ. स. १६०० ते १७५० या कालखंडाच्या, उत्तरार्धात लोकसंगीताचा वारा दरबारांत शिरू लागला होता. १७०५ साली जर्मन संगीतकार टेलेमान सोराऊ येथे सरदार प्रोमनिट्स याच्या पदरी राहिला. त्या वास्तव्यात पोलिश व हानाक लोकांचे वादन त्याच्या कानी पडले आणि आपल्या रचनांत त्याने ते सढळपणे योजिले. पण हे संगीत जिप्सींचे नव्हे. जिप्सींचा, म्हणजे रोमा लोकांचा, ठसा स्पष्ट दिसतो तो हंगेरीत, आणि तोही बरोक युग मावळल्यावर.

हंगेरीतील अनेक रोमा लोहारकाम आणि वादन यांवर उपजीविका करीत. त्सिंका पन्ना ही रोमा स्त्री व्हायोलिनवादनासाठी विख्यात होती आणि स्वतःचा ताफा चालवीत असे. १७७२ साली ती निवर्तली. त्याच वर्षी एस्टरहाझी घराण्याच्या सेवेतील हायडनने तंतुवाद्य-चतुष्टयांचा 'ओपस २०' हा संच रचला. त्यातील चौथ्या चतुष्टयात 'जिप्सी धर्तीचा' असे नाव दिलेला एक मिन्युएट आहे. मिन्युएट हे तीन मात्रांचे दरबारी नृत्य. पण हायडनने आघात असे हलविले आहेत की सम कोठे पडते हेच ऐकणाऱ्याला उमगेनासे होते. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका त्रयीचा अखेरचा भाग तर 'जिप्सी रोंडो' म्हणूनच ओळखला जातो.

या कौतुकाची दुसरी बाजू कटू आहे. हायडन १७६१ साली एस्टरहाझींच्या चाकरीत शिरला. त्याच वर्षी सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने रोमा लोकांचे नावच पुसून त्यांना 'नव-हंगेरियन' म्हणविण्याची आज्ञा केली. १७७३ साली त्यांची मुले काढून घेऊन इतरांच्या घरी वाढविण्याचा हुकूम सुटला. ज्यांच्या लयीचे दरबाराला अप्रूप होते, त्यांच्या संसाराची राज्याला पर्वा नव्हती.

पुढे श्रेयाचा वाद उपस्थित झाला. १८५९ साली लिस्ट याने आपल्या ग्रंथात हंगेरीचे संगीत ही जिप्सींचीच निर्मिती ठरविली. विसाव्या शतकात बार्टोकने ते मत खोडून काढले: ताफ्यांतून वाजणारी गीते मुख्यतः हंगेरियन रचनाकारांची असून रोमांची स्वतःची लोकगीते निराळीच आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर चीज एकाची आणि गायकी दुसऱ्याची. परंतु गायकी ही काही गौण वस्तू नव्हे. हायडनने उचलली ती मुख्यतः हीच: अनपेक्षित आघात, अलंकरण आणि लयीचा आवेग.

रोमांची भाषा भारतीय कुळातील आहे, हे १७८२ साली र्‍युडिगर या जर्मन पंडिताने दाखविले. 'पानी', 'कान', 'मानुष' हे त्यांचे शब्द मराठी माणसाला परके वाटणार नाहीत. मात्र भाषेच्या नात्यावरून त्यांच्या सुरांत आपले राग शोधणे घाईचे ठरेल. शतकानुशतकांच्या वाटचालीत या लोकांनी ज्या देशी मुक्काम केला, तेथील सूर आत्मसात करून त्यांना नवे चैतन्य दिले. त्यांचे ऋण मान्य करण्यास एवढे पुरेसे आहे.