पायांखालची शिळा

देवळात मस्तक टेकावयाचे ते भुईवर. पण त्या भुईचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. हुबळीजवळ उणकल येथे चंद्रमौळेश्वराचे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे चालुक्य शैलीतील देवालय आहे. अशा देवालयांत खांबांना झिलई दिली ती कारागिराने. भुईच्या शिळा गुळगुळीत केल्या त्या अनवाणी पावलांनी.

घरांची गोष्ट निराळी. तेथे शेणाने सारवलेली जमीन होती. मग गुलबर्ग्याकडील शहाबादी फरशी आली. इंग्लंडात १८२४ साली पोर्टलंड सिमेंटाचे पेटंट घेतले गेले, आणि कालांतराने त्या सिमेंटात संगमरवराचे तुकडे कालवून, घासून घोटलेली मोझॅकची जमीन पेढ्यांतून व माजघरांतून चकाकू लागली. टाकाऊ तुकड्यांची ही युक्ती मूळची व्हेनिसच्या कारागिरांची!

आता मकराण्याचा संगमरवर मंदिरांतही येतो. त्याविषयी आमची तक्रार नाही. भर उन्हात तो काळ्या फरशीइतका पाय भाजत नाही. मात्र अनेक जुन्या देवळांत भुईच्या शिळेवर दंडवत घालणाऱ्या भक्ताची आकृती कोरलेली असते. भाविकांची पायधूळ आपल्यावर पडावी, एवढीच तिची इच्छा. नवी फरशी बसविताना ती आकृती एका दिवसात गडप होते. जीर्णोद्धार समित्यांनी निदान तेवढी शिळा तरी जागच्या जागी राखावी, अशी आमची विनंती आहे.