बऱ्हाणपूरचे सोने

मेळघाटातील धारणीहून देडतलाईवरून जाणारा रस्ता सातपुड्याच्या सागवानी रानांतून आणि कोरकूंच्या वस्त्यांजवळून तापीकाठच्या बऱ्हाणपुरास पोचतो. फारुकी सुलतानांनी वसविलेले हे नगर, शेजारचा अशीरगड सन १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडल्यावर, मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे झाले. त्याच्या लढायांचा आणि वेढ्यांचा इतिहास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. परंतु धातूचे तेज कागदावर आणि कापडावर उतरविण्याची जी विद्या येथे नांदली, तिची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

अकबराचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजेच हिंदी दोह्यांचा कर्ता रहीम, याने आयुष्याची अनेक वर्षे बऱ्हाणपुरात काढली. त्याच्या पदरी ग्रंथालय होते आणि त्यास जोडूनच चित्रकार, सुलेखक व जिल्दसाज यांचा कारखाना होता. अब्दुल बाकी नहावंदी हा इराणी पंडित सन १६१४ मध्ये बऱ्हाणपुरास येऊन रहीमच्या आश्रयास राहिला. त्याने सन १६१६ मध्ये पुरा केलेल्या ‘मआसिर-ए-रहीमी’ या ग्रंथात या कलावंतांची माहिती दिली आहे. याच चित्रशाळेने त्यापूर्वी फारसी रामायणाची एक सचित्र प्रत सिद्ध केली होती. ती आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. मुश्फिक, श्यामसुंदर इत्यादी चित्रकारांची नावे तीत आढळतात.

हातभर लांबीच्याही आतील या चित्रांत मुकुट, ढाली, कंठे आणि रथ यांवर सोने चमकते. हा रंग करण्याची कृती मोठ्या धीराची असे. सोन्याचा वर्ख डिंकात किंवा मधात तासन् तास खलावा, पाण्याने वारंवार धुवावा, तळाशी बसलेली पूड पुन्हा पातळ डिंकात कालवावी आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याने लावावी. असा लावलेला रंग प्रथम निस्तेजच दिसतो. तो वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटला म्हणजे कण एकमेकांत दबून पृष्ठभाग सपाट होतो आणि मग प्रकाश एकाच दिशेने परततो. कोठे सोने न घोटता मंद ठेवीत, कोठे घोटून झळाळी आणीत, तर कोठे बोथट सुईने ठिपके उठवून लुकलुक निर्माण करीत. किंचित तांबे मिसळून तांबूस आणि रुपे मिसळून फिकट अशा छटाही सोन्यात आणीत.

यामागील नियम साधा आहे. वस्तू लहान असली म्हणजे तिच्यावर पडणारा खोलीतला उजेड तिला खऱ्या धातूची चमक देण्यास पुरत नाही. म्हणून ती चमक चित्रकाराने स्वतः योजावी लागते. बोटभर उंचीच्या खेळण्यातील शिपायांना रंग देणारे आजचे हौशी कारागीरही चिलखताच्या खाचांत काळसर रंग उतरवितात आणि उंचवट्यांच्या कडांवर उजळ रुपेरी रेघ ओढतात. दोघेही प्रकाश कोठून येतो हे आधी ठरवितात आणि मगच धातूला हात लावतात.

त्याच नगरात तारकश दुसऱ्या मार्गाने हेच साधीत होते. रुप्याच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती तापवीत, ठोकीत आणि पोलादी पट्टीतील उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढीत. तार केसाएवढी बारीक झाली तरी वरचे सोने तिच्याबरोबरच ताणले जाते, फाटत नाही. मग ती चेपून तिचा बादला करीत आणि रेशमावर गुंडाळून कलाबतू करीत. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सन १६४१ मध्ये आणि पुन्हा १६५८ मध्ये बऱ्हाणपुरास आला. येथील जरीकाठी वस्त्रे इराण, तुर्कस्तान व पोलंडपर्यंत जात, असे त्याने नोंदविले आहे. समुद्रप्रवासात दमट हवा लागून जर काळी पडली तर पोलंडात तो माल मोठ्या तोट्यानेच विकावा लागे, अशी ताकीदही तो देतो.

चित्रकारालाही याच शत्रूशी सामना द्यावा लागला. शुद्ध सोने काळवंडत नाही, परंतु रुपे हवेतील गंधकाने काळे पडते. जुन्या लघुचित्रांत तलाव, नदी किंवा तलवारीचे पाते काळेकुट्ट दिसते, ते पुष्कळदा मूळचे शुभ्र रुपेच असते. पाहणारा तेथे रात्र किंवा चिखल समजतो आणि चित्राचा अर्थच बदलून बसतो. हे जाणून काही मोगल चित्रकार रुप्याऐवजी कथलाची पूड वापरू लागले, कारण ती इतकी काळवंडत नाही.

आज बाजारातील बहुतेक जर तांब्याची किंवा प्लॅस्टिकची असते, आणि खऱ्या जरीची जुनी पैठणी घरोघर पेटीच्या तळाशी पडून असते. तिला दमट जागा, अत्तर आणि प्लॅस्टिकची पिशवी यांपासून दूर ठेवावे, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावे आणि घड्या अधूनमधून बदलाव्यात. साडेतीनशे वर्षांपूर्वी बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याने माल पोलंडास धाडताना ओल लागू न देण्याची जी काळजी घ्यावयाची होती, तीच काळजी आजही पुरेशी आहे.