एक पुराण, चार शुभवर्तमाने

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची मराठी वाङ्मयेतिहासातील चर्चा बहुधा एकाच जागी सुरू होते आणि तिथेच थांबते. ती जागा म्हणजे पहिल्या अवस्वरूतील मराठीच्या थोरवीच्या ओव्या. पाठ्यपुस्तकांनी त्या उचलल्या, भाषाभिमानाच्या भाषणांनी त्या झिजवल्या. 10,962 ओव्यांच्या या ग्रंथाचे उरलेले अंग, विशेषतः 'दुसरे पुराण' यातील येशूच्या यातना, मृत्यू आणि पुनरुत्थान यांचे कथन, समीक्षेने गंभीरपणे क्वचितच वाचले. याचे कारण धार्मिक परकेपणात जितके शोधावे लागते, तितकेच एका वाङ्मयीन गैरसमजातही. हा ग्रंथ एकांतात सलग वाचायचे महाकाव्य आहे असे गृहीत धरून त्याचे मूल्यमापन होत राहिले. वस्तुतः तो ऐकण्यासाठी रचला गेला, आणि ते ऐकणे चर्चच्या वार्षिक दिनक्रमाशी बांधलेले होते.

ग्रंथाची चौकटच हे सांगते. रविवारी दुपारी चर्चमध्ये शिकवण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? वक्ता-श्रोता ही पुराणरचनेतील परिचित योजना येथे केवळ अलंकार राहत नाही. ज्यांचे ग्रंथ सत्तेच्या बळावर हिरावले गेले त्यांची मागणी ग्रंथाच्या तोंडावरच नोंदली गेली आहे. ग्रंथकर्त्याने ती झाकली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे की चातुर्याचे, हा प्रश्न खुला ठेवणेच बरे.

मात्र मागणी पुराणाची होती आणि उपलब्ध सामग्री होती चार शुभवर्तमानांची. पेच येथे सुरू होतो. 1570 च्या रोमन मिस्साग्रंथानुसार पवित्र सप्ताहात येशूच्या यातनांचे वाचन चार वेळा होई: झावळ्यांच्या रविवारी मत्तय, मंगळवारी मार्क, बुधवारी लूक आणि शुक्रवारी योहान. एकच घटना एका आठवड्यात चार स्वरांत ऐकविण्याची ही योजना होती. पण ती लॅटिनमध्ये होती. साष्टीच्या शेतकऱ्याला त्या चारांतील भेद कळणे शक्यच नव्हते. मराठीत त्याच्यापर्यंत जे पोहोचले ते एकच, सांधलेले, ओवीबद्ध कथन होते.

सांधण्याचा अर्थ क्रूसावरील सात उद्गारांवरून स्पष्ट होतो. हे सातही उद्गार कोणत्याही एका शुभवर्तमानात नाहीत. मत्तय आणि मार्क यांच्याकडे एकच आहे, आणि तो देवाने आपल्याला का टाकले असा आक्रोश. लूककडे तीन, योहानाकडे तीन. मार्कचा येशू त्या एका आक्रोशानंतर शब्दहीन आरोळी देऊन मरतो. योहानाचा येशू कार्य पुरे झाल्याचे सांगून, जणू स्वतःच्या इच्छेने, मस्तक लववतो. या दोन मृत्यूंत केवळ तपशिलाचा फरक नाही. ते दोन वेगळे आशय आहेत. सातही उद्गार एका दोऱ्यात ओवले की आक्रोश सातांपैकी एक होऊन बसतो आणि नंतर येणारी शांती त्याला झाकून टाकते. करुणाचा शांतात विलय ही पुराणाच्या श्रोत्याला सवयीची वाट. मार्कचे उघडे, न सांत्वलेले मरण त्या वाटेवर टिकणे अवघडच.

ही एकवाट स्टीफन्सने शोधली नव्हती. तो 1579 मध्ये गोव्यात उतरलेला जेजुइट. इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात तिसरा आठवडा यातनांच्या चिंतनाचा, चौथा पुनरुत्थानाचा. साधकाने प्रसंगातील माणसे पाहावीत, त्यांचे बोलणे ऐकावे, कृती न्याहाळावी, अशी तेथे सूचना आहे, आणि सात उद्गार तेथेही एकत्रच सांगितले आहेत. पुराणिकाची प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची हातोटी आणि जेजुइट साधनेची ही शिस्त 1616 साली रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथात एकमेकींना भेटल्या. क्रिस्तपुराणाच्या शैलीची चर्चा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या प्रभावापाशी थांबते, तेव्हा तिची निम्मी बाजू अनुच्चारित राहते.

उत्तर कोकणात हीच गोष्ट आणखी उघडपणे दिसते. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश यांचे 1659 चे पुराण ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यू यांविषयी आहे. त्याच्या लांबलचक पोर्तुगीज शीर्षकात हे कथन चारही शुभवर्तमानकारांनी लिहिल्याप्रमाणे असल्याचे म्हटले आहे. चारांचे नाव घ्यायचे आणि एकच कथा सांगायची! भाषा मुंबई-वसईकडच्या बोलीची, स्टीफन्सच्या ग्रांथिक डौलापासून दूर. एकोणिसाव्या शतकात मुंबईत या पुराणाची पुनर्मुद्रणे झाली, यावरून त्याचा वापर किती काळ टिकला ते कळते.

विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 मध्ये आला, आणि तोही प्रॉटेस्टंट प्रयत्नातून. म्हणजे जवळजवळ दोन शतके कोकणातील कॅथलिक श्रोत्यासाठी पुराण हे शास्त्राचे भाष्य नव्हते. शास्त्राच्या जागी उभा असलेला तो एकमेव मराठी ग्रंथ होता. त्याला 'प्रचारकाव्य' म्हणून बाजूला सारणारी किंवा 'आद्य ख्रिस्ती महाकाव्य' म्हणून गौरविणारी, अशा दोन्ही भूमिका ही जागा पाहत नाहीत. बोरघाट चढून देशावर आल्यावर चित्र पालटते. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या मागे न्यू इंग्लंडची प्युरिटन परंपरा होती आणि तिला उपवासकाळाचे सोयरसुतक नव्हते. नारायण वामन टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले, 1938 साली प्रसिद्ध झालेले 'ख्रिस्तायन' म्हणूनच कोणत्याही दिवशी उघडता येते. स्टीफन्सच्या ग्रंथाचीही 1907 ची मंगळूर आवृत्ती आणि शांताराम बंडेलू यांची 1956 ची देवनागरी आवृत्ती यांनंतर तशीच गत झाली: दिवस गेला, पुस्तक उरले.

दुसऱ्या शतकात टेशियनने चार शुभवर्तमानांचे एकच कथन केले होते, 'दियातेस्सारोन'. सिरियाच्या चर्चमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती उचलून त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. कोकणात अशी जप्ती झाली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, 1969 मध्ये नवा वाचनक्रम जाहीर झाला, आणि चार स्वर मराठीत प्रथमच वेगवेगळे ऐकू येऊ लागले. झावळ्यांच्या रविवारी वर्षागणिक मत्तय, मार्क किंवा लूक. शुक्रवारी नेहमीच योहान. मार्कच्या वर्षी वसईच्या श्रोत्याला रविवारी तो आक्रोश ऐकू येतो आणि त्याच वाचनात त्याला सांत्वन देणारे दुसरे वाक्य येत नाही. क्रिस्तपुराणाच्या श्रोत्याला हे एकटेपण ठाऊक नव्हते.

तरीही सांधण्याची सवय पूर्णपणे सुटलेली नाही. 2024 हे मार्कचे वर्ष होते. त्या वर्षीच्या पास्काच्या जागरणरात्री रिकाम्या कबरीचा जो उतारा नेमलेला होता, तो सोळाव्या अध्यायाच्या सातव्या ओळीपाशी, शिष्यांना सांगा या देवदूताच्या आज्ञेपाशी, थांबतो. आठव्या ओळीत त्या स्त्रिया थरथरत कबरीपासून पळतात आणि भीतीपोटी कोणालाच काही सांगत नाहीत. ती ओळ त्या रात्री वाचली जात नाही.