रेस संपली, आता बोट घरी कोण नेणार?

आजच्या भागात एका परतीच्या प्रवासाचा इतिहास. या प्रवासाला ट्रॉफी नसते, फोटोग्राफर नसतात, पण पॅसिफिक महासागराचं एक मोठं गुपित याच प्रवासात उघड झालं.

लॉस एंजेलिसहून होनोलुलूला जाणारी ‘ट्रान्सपॅक’ ही शिडाच्या बोटींची रेस. अंतर २२२५ सागरी मैल, म्हणजे साधारण ४१२० किलोमीटर. २०१७ मध्ये ‘कोमांचे’ नावाच्या बोटीनं हे अंतर ५ दिवस आणि जेमतेम २ तासांत कापलं. कारण हवाईकडे जाताना ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी असतात.

आता विचार करा, परत येताना काय होत असेल? तेच वारे तोंडावर!

शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक लाट पुढून आदळते. म्हणून परतीच्या बोटी कॅलिफोर्नियाच्या दिशेनं निघतच नाहीत. आधी सरळ उत्तरेला जातात, पश्चिमेचे वारे गाठतात आणि मग पूर्वेला वळतात. पुण्यात लक्ष्मी रोडनं गेलात की परत येताना कुमठेकर रोड धरावा लागतो ना, तसंच. फक्त हा वळसा दोन-तीन आठवड्यांचा!

बोटीचा मालक आणि नावाजलेले खलाशी बहुतेक वेळा विमानानं घरी जातात. रेसची महागडी शिडं उतरवली जातात, साधी जाड शिडं चढतात, डिझेलचे जादा कॅन बांधले जातात. चार-पाच जणांचा ‘डिलिव्हरी क्रू’ बोट घेऊन निघतो. त्यांचं काम एकच : बोट न मोडता घरी पोहोचवणं.

बरं, हा वळसा शोधला कुणी? त्यासाठी ५०० वर्षं मागे जाऊ. १५२२ मध्ये मॅगेलनच्या ताफ्यातल्या ‘त्रिनिदाद’ या जहाजानं आशियातून पॅसिफिक ओलांडून परत यायचा प्रयत्न केला आणि तो फसला. पुढे चाळीसेक वर्षं स्पॅनिश जहाजं मेक्सिकोहून आशियात जात राहिली, पण त्याच वाटेनं परत येणं कुणालाच जमेना. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता हा धर्मगुरू-खलाशी फिलिपिन्सहून निघाला, तो थेट उत्तरेला. सुमारे ३८ अक्षांशांपर्यंत चढला, पश्चिमेचे वारे पकडले आणि चार महिन्यांनी अकापुल्कोला पोहोचला. वाटेत काही सोबती दगावले. त्याच मोहिमेतलं एक छोटं जहाज त्याच्याआधीच पोहोचलं होतं, पण नीट नोंदवलेला मार्ग उर्दानेताचा होता. त्या मार्गावर पुढची २५० वर्षं मनिला आणि मेक्सिकोचा व्यापार चालला.

ट्रान्सपॅकची सुरुवातही गंमतशीर आहे. १९०६ मध्ये होनोलुलूचे क्लेरेन्स मॅक्फर्लेन आपली ‘ला पालोमा’ घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. रेस तिथून सुरू व्हायची होती. पोहोचले तर शहर उद्ध्वस्त! १८ एप्रिलला भूकंप झाला होता. मग रेस लॉस एंजेलिसहून सुरू झाली, तीन बोटींची. म्हणजे ‘ला पालोमा’नं कठीण अर्धा प्रवास रेसच्या आधीच केला होता. पहिली रेस जिंकली ‘लर्लाइन’नं. नोंद राहते ती अशी, जिंकणाऱ्याची.

आता ते गुपित. व्यापारी वारे आणि पश्चिमेचे वारे ज्याच्याभोवती फिरतात, त्या मध्यभागी हवेचा दाब जास्त आणि वारा जवळजवळ नसतो. शिडाची जहाजं तो भाग टाळतात. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाचे चार्ल्स मूर ट्रान्सपॅक संपवून ‘अल्गिता’ या बोटीनं परतत होते. त्यांनी वळसा न घेता मधूनच बोट घातली. वारा नव्हता, पण इंजिन होतं. आठवडाभर डेकवरून पाहावं तेव्हा पाण्यावर प्लॅस्टिक दिसत होतं : बाटल्या, झाकणं, तुकडे.

जो चक्राकार वारा-प्रवाह परतीची वाट अवघड करतो, तोच तरंगता कचरा मध्यभागी ढकलतो. १९८८ मध्येच अमेरिकी शास्त्रज्ञांनी याचा अंदाज मांडला होता, पण जगाचं लक्ष गेलं ते मूर यांच्यामुळे. १९९९ मध्ये ते जाळी घेऊन पुन्हा गेले. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले : त्यांच्या नमुन्यांत प्लॅस्टिकचं वजन प्लवकांच्या सहापट होतं. आणि हो, हे ‘कचऱ्याचं बेट’ वगैरे नाही. त्यावर उभं राहता येत नाही. बरेचसे तुकडे इतके बारीक असतात की उपग्रहाच्या फोटोतही दिसत नाहीत. ते बघायला तिथं जावंच लागतं, आणि तेही सावकाश.

रेसमध्ये नजर घड्याळावर असते. परतीच्या वाटेवर ती पाण्यावर जाते. म्हणून पुढच्या वेळी कुठल्या रेकॉर्डची बातमी वाचलीत, तर एक प्रश्न नक्की विचारा : बरं, मग परत कसे आले?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!